इलियम, इलियम

परळच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत
मी सव्वीस वर्षं डॉक्टरांचे आवाज टाइप करते.
कानाला हेडफोन, पायाखाली पेडल.
दाबलं की बोलतात, सोडलं की गप्प.
एवढी सत्ता माझी घरी कुणावर चालली नाही.

पहिल्याच आठवड्यात फिलोमिना सिक्वेरानं बजावलं,
"इलियम दोन आहेत गं.
एक आतडं, एक हाड.
इंग्रजीत मधलं एक अक्षर तरी बदलतं,
तुझ्या मराठीत तेवढंही नाही."
मी वहीत लिहिलं: इलियम, इलियम.
आणि बघत बसले दोन्हींकडे
जुळ्यांच्या आईनं बघावं तशी.
नाही, आई ओळखते. शेजारणीनं बघावं तशी.

वही भरत गेली.
हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त,
आणि डॉक्टर भरुचांचं नेमकं तेवढंच अक्षर
पंख्याच्या घरघरीत जायचं.
पुढे "ग्लुकोज द्या" ऐकू आलं
की माझा जीव भांड्यात: साखर कमी.
मायटोसिस: होतं तसंच, दुप्पट.
मायोसिस: दोघांकडून निम्मं निम्मं, तिसऱ्याची सोय.
आणि उजेडात डोळ्याची बाहुली आकसते,
तेही मायोसिस.

ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या यशोदा पागधरे
रिपोर्ट घेऊन तणतणत माझ्या टेबलाशी आल्या.
सर्व्हायकल, एवढंच वाचून कुणीतरी त्यांना
बायकांच्या ओपीडीत अडीच तास बसवलं होतं.
"मान दुखते माझी, मान!
आणि ती पोर म्हणते, झोपा नि पाय वर घ्या."
मी म्हटलं, मावशी, गर्भाशयालाही मान असते,
डॉक्टर दोन्हींना एकाच नावानं हाक मारतात.
त्या थांबल्या. मग खो खो हसल्या.
"दोन दोन माना बाईला,
आणि मान एकही नाही!"
हे वाक्य वहीत आहे. रिपोर्टात नाही.

गेल्या माघात टेपवर एक तरुण आवाज म्हणाला,
"पुरुष, एकोणऐंशी, उजवी बाजू लुळी, डिस्फे..."
आणि मागून ट्रॉलीची चाकं.
डिस्फेजिया: गिळता येत नाही.
डिस्फेशिया: बोलता येत नाही.
जि की शि?
पेडल मागे, पुन्हा मागे. सात वेळा.
नाव मी आधीच टाइप केलं होतं.
टिपणीस, पद्माकर नारायण.
चौथ्या मजल्यावर, नाकात नळी. बाबा.

गिरगावच्या छापखान्यात ते खिळे जुळवायचे.
उलटी अक्षरं बोटांनी सुलटी वाचायचे,
घ आणि ध, भ आणि म,
दिवे गेले तरी चुकत नसत.

आता घास गिळतात. तूपभात, सावकाश.
म्हणजे शि होती.

"वाटी दे," म्हणतात, काठीकडे बघत.
डोळा दुखला की सोळा दुखतो.
पारा लाव, म्हणजे वारा, म्हणजे पंखा.
मी वृंदा. मला कुंदा म्हणतात.
कुंदा कोण, ते मी विचारलेलं नाही.
चिडतात, कारण चूक त्यांची त्यांना ऐकू येते.
चुकीचा खिळा हाताला अजून कळतो,
बरोबर खण तेवढा सापडत नाही.

नवी वही केली.
डावीकडे ते म्हणतात ते, उजवीकडे अर्थ.
साठ-सत्तर शब्द झाले.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडचं टिपलं,
त्याचा हा उपयोग, असं वाटून
जरा ताठ बसू लागले होते.

काल संध्याकाळी म्हणाले, "वाटी."
मी काठी दिली.
त्यांनी काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग डाव्या हातानं ओट्याकडे बोट केलं.
वाटीच हवी होती.
काठी मांडीवर आडवी घेऊन ते हसले,
माघानंतर पहिल्यांदा,
खांदे हलेपर्यंत.

रात्री वहीत
वाटीसमोर, काठीच्या खाली,
मी लिहिलं: वाटी.